पोरगं किती उंच होईल? घरबसल्या अंदाज बांधायची रीत

आमच्याकडे नववी-दहावीच्या मुलांचे वडील शाळेत आले की मार्कांच्या आधी एक प्रश्न विचारतात. "सर, पोऱ्या भरतीत बसेल का?" जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही तालुक्याच्या गावी पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं दिसतात, आणि पोलीस शिपाई भरतीत मुलग्याला १६५ सेंटिमीटर आणि मुलीला १५५ सेंटिमीटर उंची लागते, हे त्यांच्या आईबापांना तोंडपाठ असतं. धावणं सुधारता येतं, गोळाफेक सुधारता येते. उंचीचं काय करायचं, ते कुणाला कळत नाही.

मुलगा किंवा मुलगी मोठेपणी किती उंच होईल याचा अंदाज बांधता येतो. एक ठाम आकडा मात्र कुणीच देऊ शकत नाही. जो मिळतो तो पट्टा असतो, इथपासून तिथपर्यंत. हा पट्टा कसा काढायचा, तो अरुंद कसा करायचा, आणि मूल त्या पट्ट्याच्या बाहेर चाललंय हे वेळेवर कसं ओळखायचं, ते पुढे सांगतो. यातलं शेवटचं सगळ्यात कामाचं आहे. उंचीचा अंदाज काढायचा तो भरतीच्या आशेसाठी कमी आणि मुलाच्या वाढीत काही अडलंय का हे बघण्यासाठी जास्त.

सुरुवात खऱ्या जन्मतारखेपासून

आपल्या भागातल्या शाळांचं जनरल रजिस्टर उघडलं तर एक गंमत दिसते. निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला! पहिलीत नाव घालताना तारीख आठवली नाही की गुरुजींनी १ जून टाकली, आणि तीच पुढे दाखल्यावर, आधारवर चढली. आता हे कमी झालंय, पण संपलेलं नाही.

उंचीच्या हिशेबात ही तारीख घोटाळा करते. सात-आठ वर्षांचं मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. वय सहा महिन्यांनी चुकलं तर तीन सेंटिमीटरचा फरक तिथेच पडतो. चांगलं वाढणारं मूल तक्त्यावर बुटकं दिसतं, किंवा मागे पडलेलं मूल ठीक दिसतं. म्हणून दाखल्यावरची तारीख बाजूला ठेवा. ग्रामपंचायतीतली जन्मनोंद, दवाखान्याचा डिस्चार्ज कागद, किंवा बाळाचं लसीकरण लिहिलेलं माता-बाल संरक्षण कार्ड काढा. काहीच नसेल तर आजीला विचारा. "अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी दोन दिवस, त्या वर्षी कापूस चांगला झाला होता" एवढ्यावरूनही तारीख आठवड्याच्या अंदाजानं सापडते.

उंची मोजणं: इथेच सगळं बिघडतं

दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा बहुतेक घरांत असतात. त्या असाव्यातच. पण रेघ मारताना पोरगं टाचा उचलतं, डोक्यावर ठेवलेली पट्टी तिरकी होते, आणि खालची जमीन सारवलेली, वरखाली. दोन सेंटिमीटरची चूक सहज होते. वाढीचा वेग बघायचा असेल तर दोन सेंटिमीटर म्हणजे चार-पाच महिन्यांची वाढ.

रीत अशी. सरळ, ओळंब्यात असलेली भिंत निवडा. खाली फरशीची स्कर्टिंग पट्टी असेल तर टाच भिंतीला टेकत नाही, म्हणून पट्टी नसलेली जागा किंवा दाराची सपाट फळी बरी. जुन्या धाब्याच्या घरात भिंत फुगलेली असते आणि जमीन मातीची. तिथे एक सपाट फरशी खाली टाका आणि दर वेळी तीच फरशी, त्याच जागी. सुताराचा स्टीलचा टेप भिंतीला उभा चिकटवा, शून्य अगदी फरशीला टेकलेलं. शिंप्याचा कापडी टेप वापरू नका, तो ताणला जातो.

मूल अनवाणी उभं करा. मुलींची वेणी सोडा, अंबाडा, क्लिपा काढा. टाचा जुळलेल्या आणि भिंतीला टेकलेल्या. कुल्ले, खांद्यांची पाती आणि डोक्याचा मागचा भाग भिंतीला लागलेला. मूल जाडसर असेल तर डोकं टेकवण्याचा अट्टाहास नको. नजर समोर. डोळ्याची खालची कड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत यायला हवं. हनुवटी वर केली की उंची कमी भरते, हे पोरांना माहीत नसतं. ती छाती फुगवून मान मागे टाकतात आणि स्वतःचंच नुकसान करून घेतात.

आता डोक्यावर गवंड्याचा गुण्या किंवा जाड पुठ्ठ्याचं पुस्तक काटकोनात ठेवा, एक बाजू भिंतीला घट्ट, केस दबतील इतकं खाली. मुलाला खोल श्वास घ्यायला सांगा आणि आकडा वाचा, मिलिमीटरपर्यंत. मग त्याला बाजूला करा, परत उभं करा, परत मोजा. असं तीनदा. तिन्ही आकडे अर्ध्या सेंटिमीटरच्या आत असतील तर सरासरी घ्या, नाहीतर पुन्हा.

वेळही सांभाळा. दिवसभर उभं राहून, खेळून मणक्यामधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळी माणूस सकाळपेक्षा एखाद सेंटिमीटर बुटका भरतो. सकाळी मोजत असाल तर दर वेळी सकाळीच. दोन वर्षांच्या आतलं बाळ उभं करून मोजत नाहीत, आडवं ठेवून मोजतात. आडवी लांबी उभ्या उंचीपेक्षा साधारण ०.७ सेंटिमीटर जास्त येते, म्हणून दोन्ही आकडे एकात मिसळायचे नाहीत. अंगणवाडीत त्यासाठी वेगळी पट्टी असते. अंगणवाडी ताईंकडची जुनी नोंद मागून घ्या, पुढे फार उपयोगी पडते.

आईवडिलांवरून काढायचा आकडा

हे सगळ्यात जुनं आणि सोपं सूत्र. ब्रिटिश डॉक्टर जेम्स टॅनर यांच्या कामातून ते रूढ झालं आणि आजही बालरोगतज्ज्ञ पहिल्यांदा हेच करतात.

मुलग्यासाठी: वडिलांची उंची अधिक आईची उंची अधिक १३, भागिले २.
मुलीसाठी: वडिलांची उंची अधिक आईची उंची वजा १३, भागिले २.

सगळं सेंटिमीटरमध्ये. फूट-इंच असेल तर सगळे इंच करून २.५४ नं गुणा. हे १३ म्हणजे पुरुष आणि बाई यांच्या सरासरी उंचीतला फरक.

एक उदाहरण घेऊ. वडील ५ फूट ५ इंच म्हणजे १६५.१ सेंटिमीटर. आई ५ फूट म्हणजे १५२.४. मुलग्याचा हिशेब: १६५.१ अधिक १५२.४ अधिक १३ म्हणजे ३३०.५, त्याचं निम्मं १६५.२५. याच घरातल्या मुलीचा: ३०४.५ चं निम्मं १५२.२५.

आता त्या वडिलांना वाटतं, झालं, पोरगा १६५ ला बसतोय, भरती पक्की. तसं नाही. या आकड्याच्या दोन्ही बाजूंना साधारण ८.५ सेंटिमीटरचा पट्टा धरतात. म्हणजे या मुलग्याची उंची १५७ पासून १७४ पर्यंत कुठेही थांबली तरी ती घराण्याला धरूनच आहे. आकडा बरोबर १६५ वर आलाय, याचा अर्थ रेषेच्या वर जाण्याची आणि खाली राहण्याची शक्यता सारखीच. जिथे उत्तराची सगळ्यात जास्त गरज असते, नेमकं तिथेच हे सूत्र काही सांगत नाही. मुलीचं बघा: मधला आकडा १५५ च्या खाली आहे, तरी १५५ तिच्या पट्ट्यात येतात. ढोबळ हिशेबानं अशा चार मुलींतली एक तिथे पोचेल.

या सूत्रात तीन ठिकाणी खोट असते.

पहिली, आईवडिलांची उंची सांगोवांगी. लग्नाच्या बायोडाटातली उंची चालत नाही. त्यात वरपक्षाचे दोन इंच हमखास वाढलेले असतात. वडील ५ फूट ५ चे असून ५ फूट ७ सांगितले तर मुलाचा अंदाज अडीच सेंटिमीटरनं फुगतो. त्याच भिंतीशी आईवडिलांनाही उभं करा.

दुसरी, एक पालक खूप उंच आणि दुसरा खूप बुटका असेल तर सरासरीला फारसा अर्थ राहत नाही. मुलं कुणावर जातील ते सांगता येत नाही. "हाऊ पोऱ्या मामावर गया" असं आजी म्हणते त्यात तथ्य आहे, कारण आईकडून येणारा उंचीचा वारसा मामाच्या अंगातही असतो. उंची कुठल्या एका जनुकावर ठरत नाही. २०२२ साली ५० लाखांहून जास्त लोकांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उंचीशी संबंध असलेल्या सुमारे १२ हजार जागा त्यात सापडल्या. त्यातल्या कुठल्या आईकडून आल्या आणि कुठल्या वडिलांकडून, ही सोडत प्रत्येक मुलाच्या वेळी नव्यानं निघते. सख्ख्या दोन भावांत चार इंचांचा फरक त्यामुळेच पडतो.

तिसरी खोट आपल्या भागासाठी महत्त्वाची. हे सूत्र गृहीत धरतं की आईवडील त्यांच्या अंगात होती तेवढी पूर्ण उंची वाढलेले आहेत. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर, किंवा ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या घरांत, आईबापांचं बालपण अर्धपोटी गेलेलं असतं. त्यांची उंची जनुकांनी नाही, भुकेनं थांबवलेली. अशा घरातलं मूल पहिल्यापासून नीट खाऊन-पिऊन वाढलं तर सूत्रापेक्षा उंच होतं. उलट मूलही उपाशीच वाढत असेल तर त्याची खुजी वाढ या सूत्रात लपून जाते. "आईबापच बुटके, पोर कुठून उंच होणार" असं म्हणून सगळे गप्प बसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी होती. ते सगळं आईबापांकडून आलेलं नाही.

लहान मुलांसाठी दुप्पटीचा ठोकताळा

मुलगा दोन वर्षांचा होईल त्या दिवशीची उंची गुणिले दोन. मुलीसाठी दीड वर्षाची गुणिले दोन. ८५ सेंटिमीटरचा दोन वर्षांचा मुलगा साधारण १७० ला जाईल. ठोकताळाच आहे, पण त्यामागे कारण आहे. जन्माच्या वेळची लांबी आईच्या पोटातल्या जागेवर आणि तिच्या खाण्यापिण्यावर जास्त ठरते, आईबापांच्या उंचीवर कमी. पहिल्या दीड-दोन वर्षांत मूल हळूहळू स्वतःच्या वाटेला लागतं. त्यानंतर ते साधारण तीच वाट धरतं. बाळ जन्मतः ४७ चं होतं की ५२ चं, यावरून मात्र काही सांगू नका.

तक्त्यावरची वाट

पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचा तक्ता वापरतात आणि ५ ते १८ वर्षांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा, म्हणजे आयएपीचा, २०१५ चा तक्ता. दोन्ही इंटरनेटवर फुकट मिळतात. मुलांचा आणि मुलींचा वेगळा असतो, तो बघून घ्या.

तक्त्यावर खाली वय, बाजूला उंची, आणि मधून सात वाकड्या रेषा जातात: ३, १०, २५, ५०, ७५, ९०, ९७. ५० ची रेषा म्हणजे त्या वयाच्या शंभर निरोगी मुलांना उंचीनं रांगेत उभं केलं तर मधोमध येणारं मूल. आयएपीच्या तक्त्यात १८ व्या वर्षी ही मधली रेषा मुलग्यांसाठी १७३ च्या आसपास आणि मुलींसाठी १५८ च्या आसपास संपते.

मुलाची आजची उंची टिंबानं मांडा. मग १८ वर्षांच्या जागी आईवडिलांवरून काढलेला आकडा मांडा. दोन्ही टिंबं साधारण एकाच रेषेच्या आसपास असतील तर निर्धास्त राहा. मूल २५ च्या रेषेवर आणि आईवडिलांचा आकडाही २५ च्या जवळ, याचा अर्थ मूल वर्गात बुटकं दिसत असलं तरी घराच्या हिशेबात बरोबर आहे. पण आईवडिलांचा आकडा ७५ वर आणि मूल १० वर, तर कारण शोधायला हवं. मूल ३ च्या रेषेच्या वर आहे एवढ्यानं समाधान मानू नका.

अखाजी ते दिवाळी

एकदा मोजलेली उंची म्हणजे मूल आज कुठे उभं आहे, एवढंच. ते चालतंय की थांबलंय हे कळायला दुसरं टिंब लागतं. महिन्या-महिन्याला मोजण्यात अर्थ नाही, कारण महिन्याची वाढ अर्धा सेंटिमीटर आणि मोजण्याची चूकही तेवढीच. किमान सहा महिन्यांचं अंतर हवं, वर्षाचं असेल तर उत्तम.

खानदेशात याला दोन सोयीचे दिवस आहेत. अखाजीला लेकी माहेरी येतात, भाचरंडं मामाकडे जमतात, झोके बांधले जातात. तेव्हा सगळ्या पोरांना एका भिंतीशी उभं करा. दुसरा दिवस दिवाळीचा. दोन्हींमध्ये साधारण सहा महिने जातात. तिथी पुढे-मागे होते, म्हणून वहीत सण न लिहिता इंग्रजी तारीख लिहा. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीनंतर निघतात आणि अखाजीच्या सुमारास परततात, म्हणजे त्यांनाही हे दोन दिवस सापडतात.

वेगाचा हिशेब ढोबळ असा ठेवा. जन्मतः ५० सेंटिमीटर. पहिल्या वर्षात साधारण २५ वाढतात, दुसऱ्यात ११-१२, तिसऱ्यात ८ च्या आसपास. चौथ्या वाढदिवसाला मूल शंभरीजवळ येतं, जन्माच्या दुप्पट. तिथून वयात येईपर्यंत वर्षाला पाच ते सहा. वयात यायच्या अगदी आधी वेग किंचित मंदावतो, मग एकदम उसळी. मुलींची सर्वात वेगवान वाढ साधारण साडेअकरा-बाराव्या वर्षी, त्या वर्षात आठ सेंटिमीटर. मुलग्यांची तेरा-चौदाव्या वर्षी, नऊ-दहा सेंटिमीटर. उसळीची पहिली खूण पायात दिसते. पाय आधी वाढतात, जूनला घेतलेली चप्पल दसऱ्याला आखूड होते. मग टाचेपर्यंतची पॅन्ट घोट्यावर येते.

चार वर्षांपासून वयात येईपर्यंतच्या काळात मूल वर्षाला चार सेंटिमीटरपेक्षा कमी वाढत असेल, तर बाकीचं गणित बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. उंची कितीही असो.

वयात येणं कधी, यावर सगळं

आठवीच्या वर्गात एका बाकावर बसणारे दोन मुलगे डोळ्यांसमोर आणा. दोघेही साडेतेरा वर्षांचे. एक १५८ सेंटिमीटर, मिसरूड फुटलेलं, आवाज फाटलेला, कबड्डीच्या संघात पहिला. दुसरा १४३, बायकी आवाजाचा, प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यात पुढे. सगळा गाव पहिल्याला म्हणतो, हा सहा फूट होणार. दुसऱ्याची आई रोज त्याला दुधात काहीतरी कालवून देते.

बारावीत हेच दोघे बघा. बऱ्याचदा पुढचा मागे जातो आणि मागचा पुढे. मिसरूड फुटली म्हणजे उसळीचा मोठा भाग होऊन गेला. ज्याला अजून फुटली नाही त्याची उसळी बाकी आहे, आणि ती येईपर्यंत तो वर्षाला पाच सेंटिमीटरनं वाढतच राहणार. उशिरा वयात येणं घराण्यातून येतं. वडिलांना विचारा, "तुम्ही कॉलेजात गेल्यावर वाढलात का?" हो म्हणाले तर अर्धी चिंता गेली.

मुलींच्या बाबतीत आयांचा एक समज पक्का असतो की पाळी आली, आता उंची थांबली. पूर्ण थांबत नाही. पाळी आल्यावर पुढच्या दोनेक वर्षांत साधारण पाच ते सात सेंटिमीटर वाढ होते. पाळी येते तेव्हा वेगाचा कळस मात्र होऊन गेलेला असतो. त्यामुळे मुलीच्या बाबतीत अंदाज सोपा आहे: पाळी आली त्या महिन्यातली उंची अधिक सहा. सातवीत १४८ वर पाळी आली तर १५४ च्या आसपास. म्हणून त्या महिन्यात उंची मोजून लिहून ठेवा.

आठ वर्षांच्या आत मुलीची छाती वाढायला लागली, किंवा नऊ वर्षांच्या आत मुलग्यात बदल दिसू लागले, तर ते लवकर आहे. असं मूल त्या वयात वर्गात सगळ्यात उंच दिसतं आणि घरचे खूश असतात. पण त्याच्या हाडांची वाढणारी टोकं लवकर जुळतात आणि शेवटी ते बुटकं राहतं. लठ्ठ मुलांचंही थोडंफार असंच. यावर उपचार आहे, पण तो वेळेत सुरू झाला तरच उपयोगी.

हाडांचं वय

भिंत, सूत्र आणि तक्ता यांनी जेवढं कळतं त्याच्या पुढे जायचं असेल तर एक्स-रे. डाव्या हाताचा पंजा आणि मनगट. लांब हाडांच्या टोकाशी कूर्चेची एक पट्टी असते, उंची तिथून वाढते. एक्स-रेत ती काळी फट दिसते. वय वाढतं तशी फट अरुंद होते आणि शेवटी बुजते. ग्रोइलिख आणि पाइल यांच्या चित्रसंग्रहाशी हा एक्स-रे ताडून डॉक्टर हाडांचं वय सांगतात, आणि बेली व पिनो यांच्या १९५२ च्या कोष्टकावरून मोठेपणीच्या उंचीपैकी किती टक्के झाली ते काढतात.

वरचे दोघे इथे परत येतात. १५८ च्या मुलग्याच्या हाडांचं वय १५ निघालं असं धरा. त्या वयाला साधारण ९६-९७ टक्के उंची झालेली असते. १५८ भागिले ०.९६ किंवा ०.९७, म्हणजे १६३ ते १६५. भरतीच्या रेषेवर लोंबकळणारा. १४३ च्या मुलग्याच्या हाडांचं वय ११ निघालं. त्या वयाला ८० ते ८२ टक्के. म्हणजे १७४ ते १७९. दुधात कालवायची गरज नव्हती.

हाही पक्का शब्द नाही. अमेरिकेतल्या गोऱ्या मुलांवरून केलेली कोष्टकं, एक्स-रे वाचणाऱ्याच्या नजरेतला फरक, यामुळे चार-पाच सेंटिमीटर इकडेतिकडे धरावेच लागतात. मूल जितकं मोठं तितका अंदाज नेमका. सहा-सात वर्षांच्या धडधाकट मुलाचा हौसेखातर एक्स-रे काढू नका, हाती काही लागत नाही. किरणांचं प्रमाण अगदी थोडं असतं, पण विनाकारण कशाला.

मोबाइलवरचे कॅल्क्युलेटर बहुतेक खामिस-रोश पद्धतीवर चालतात. मुलाची उंची, वजन आणि आईवडिलांची उंची घेऊन ते आकडा देतात. १९९४ ची ही पद्धत ओहायोतल्या मुलांच्या नोंदींवर उभी आहे आणि वयात येणं लवकर की उशिरा हे तिला कळत नाही. वापरा, पण दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांनी भुलू नका.

डॉक्टरकडे कधी

वर्षाला चार सेंटिमीटरपेक्षा कमी वाढ, हे सांगितलंच. शिवाय उंची ३ च्या रेषेखाली. तक्त्यावर मूल दोन रेषा ओलांडून खाली घसरलेलं. आईवडिलांच्या पट्ट्याच्या खूप खाली. मुलगी तेरा वर्षांची होऊनही छातीची वाढ नाही, मुलगा चौदाचा होऊनही काहीच बदल नाही. यातलं एकही असेल तर थांबू नका. आईवडील दोघेही फारच बुटके असतील तरी एकदा दाखवा, घराण्यात चालत आलेला आजार असू शकतो.

कारणं पुष्कळ. थायरॉइड कमी असलं तर वाढ थांबते आणि वजन वाढतं. गव्हातल्या ग्लुटेननं आतड्याला सूज येणाऱ्या सिलिअ‍ॅक आजारात कधीकधी पोटाची तक्रार नसते, फक्त उंची खुंटते. मूत्रपिंडाचे आजार, दम्यासाठी वर्षानुवर्षं तोंडानं घेतलेली स्टिरॉइड. मुलींमध्ये टर्नर सिंड्रोम हा जन्मजात आजार, जो दोन ते अडीच हजार मुलींमागे एकीला असतो आणि पुष्कळदा उंची हीच त्याची पहिली खूण. ग्रोथ हार्मोनची कमतरता यांच्या मानानं कमी सापडते. असेल तर रोजची टोचणी, कित्येक वर्षं, आणि खर्चही मोठा. हाडांची टोकं जुळल्यावर तिचा काही उपयोग नाही. पंधराव्या वर्षी जाण्यात आणि आठव्या वर्षी जाण्यात म्हणूनच एवढा फरक आहे.

नंदुरबार आणि धुळ्याच्या भिल्ल, पावरा वस्तीत सिकलसेल हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार लक्षात ठेवा. हा आजार असलेली मुलं उंचीत आणि वयात येण्यात एक-दोन वर्षं मागे राहतात. पुष्कळजण पुढे भरून काढतात, पण आजार आहे हे कळायला हवं. रक्ताची साधी चाचणी सरकारी दवाखान्यात होते.

धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि तिथे बालरोग विभाग आहे. शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकालाही सांगता येतं, ते पुढे पाठवतात.

पावडरी, लोंबकळणं वगैरे

उंची वाढवणाऱ्या डब्यांबद्दल थोडक्यात: पैसे वाचवा. झाडाला लोंबकळून मणका तासाभरापुरता सैल होतो, उंची वाढत नाही. वजन उचलल्यानं उंची खुंटते हाही गैरसमजच, नीट शिकून व्यायाम केला तर काही होत नाही. जंतांचं औषध शाळेत मिळतं ते घेऊ द्या. कळण्याची भाकरी, तुरीची डाळ, शेंगदाणे, दूध, चालत असेल तर अंडी, आणि रात्रीची पुरेशी झोप. घरचं हे चौरस खाणं ज्याला पहिल्यापासून मिळालं, त्याला डब्यातलं काही लागत नाही. ज्याला मिळालं नाही त्याच्यासाठी सगळ्यात मोलाचा काळ गर्भापासून दोन वर्षांपर्यंतचा, कारण तिथे बुडालेली उंची पुढे पूर्ण भरून निघत नाही.

डॉक्टरकडे जाताना मोजमापाची वही, अंगणवाडीची नोंद, माता-बाल संरक्षण कार्ड आणि आधी एक्स-रे काढला असेल तर तो न्या. आईवडील दोघेही गेलात तर बरं, तुमचीही उंची तिथे मोजतील. मुलगी असेल आणि पाळी आली असेल तर तो महिना आणि तेव्हाची उंची सांगा. वडिलांना आपली मिसरूड कितवीत फुटली ते आठवत नसेल तर शाळेतला गटाचा फोटो शोधून ठेवा.